खण चोळीचा आणि खण घराचा

आज आपण एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द एवढासा, दोन अक्षरांचा आहे. खण.

झालं असं की गटाच्या बैठकीत एक ताई सासऱ्यांच्या वेळचं वाटणीपत्र घेऊन आल्या. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. त्यात लिहिलं होतं, ‘पूर्वेकडील तीन खण घर पडवीसह’. ताईंचा प्रश्न साधा होता, तीन खण म्हणजे नेमकी किती जागा? शेजारी नवीन लग्न झालेली एक मुलगी बसली होती. ती म्हणाली, खण म्हणजे ब्लाउजपीस ना? सगळ्या जणी हसल्या. पण ती काही चुकीचं बोलली नव्हती. आपल्या भाषेत खण घरालाही असतो, कपाटालाही असतो आणि ओटीतही असतो. घर सिमेंटचं झालं तसा घरातला खण बोलण्यातून गेला, ओटीतला तेवढा राहिला. कागदावर मात्र घरातला खण अजून आहे, आणि कागदावर आहे म्हणूनच तो कळला पाहिजे.

आधी घराचा खण पाहू. जुनं मातीचं, लाकडाचं घर डोळ्यांपुढे आणा. त्या घराचा भार खांबांवर असतो, भिंती फक्त आडोशाला. दोन खांब उभे करायचे, त्यांच्या डोक्यावर आडवी तुळई टाकायची. मग वरती आढं, आढ्यावरून उतरत येणारे वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौलं. दोन खांबांच्या मध्ये जी मोकळी जागा राहते, तो खण. सुताराला घर सांगताना खोल्या सांगत नसत, खण सांगत. पाच खणांचं घर बांधायचंय म्हटलं की किती खांब, किती तुळया, किती लाकूड लागेल हे त्याला तिथल्या तिथे उमगायचं.

खांब आणि खण मोजताना गल्लत होते, म्हणून हे जरा सावकाश ऐका. एका ओळीत चार खांब असतील तर खण चार होत नाहीत, तीन होतात. हाताची चार बोटं पसरून पाहा, मध्ये फटी तीनच दिसतील. ही झाली एक मोजणी, घराच्या लांबीची. दुसऱ्या मोजणीत चार कोपऱ्यांवर चार खांब धरतात आणि त्यांच्यामधल्या चौकोनाला एक खण म्हणतात. म्हणजे घर लांबीला तीन खण आणि आत खोलीला दोन खण असेल, तर पहिल्या मोजणीने ते तीन खणी घर झालं आणि दुसऱ्या मोजणीने सहा खणांचं. घर तेच, जागा तीच, कागदावरचा आकडा दुप्पट! भावाभावांत भांडण लावायला एवढं पुरतं.

बरं, खण केवढा असावा याचा कुठे शिक्का नाही. तो लाकडावर ठरतो. लांब, जाड तुळई मिळाली तर खांब लांब लांब रोवता येतात आणि खण मोठा होतो. लाकूड आखूड असेल, पैसा कमी असेल, तर खांब जवळ येतात. हिशेबच करू. एका घरात खांबांमध्ये सहा फुटांचं अंतर आहे. तिथला चौकोनी खण सहा गुणिले सहा, म्हणजे ३६ चौरस फूट. दुसऱ्या घरात अंतर आठ फूट आहे. तिथला खण ६४ चौरस फूट. दोन्ही घरं सहा खणांची. पहिलं २१६ चौरस फूट भरेल, दुसरं ३८४. म्हणून त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर कागदात नाहीच. ते घरात उभ्या असलेल्या खांबांत आहे. टेप घेऊन खांब ते खांब मोजायचं, आणि घर पाडायच्या आधी मोजायचं. एकदा जुनं घर पाडून स्लॅब टाकला की तीन खण कुठपर्यंत होते हे सांगणारा खांबच राहत नाही. मग राहतात ती म्हाताऱ्या माणसांची तोंडं, आणि ती सगळी एकसारखं बोलत नाहीत.

वाटणी खणाने करायचं कारणही ह्या बांधणीतच आहे. भिंत घालायची तर तुळईच्या खाली, खांबाच्या ओळीत घालतात. म्हणजे घराला धक्का लागत नाही, दोन्ही बाजूंचे खण आपापल्या खांबांवर उभे राहतात. मधली खांबांची ओळ मात्र दोघांची. वाटणीपत्र वाचाल तेव्हा ही मधली भिंत सामाईक लिहिली आहे का ते बघा. दार, जिना, अंगण, परसातली विहीर, मोरीच्या पाण्याची वाट यांचंही बघा. खण मिळाला आणि खणात जायची वाट मिळाली नाही, असंही होतं.

ह्याच शब्दाचे बाकीचे अर्थ तुम्हाला पाठ आहेत. कपाटाचा खण, टेबलाचा खण, ट्रंकेतला खण. सगळीकडे मतलब एकच, मोठ्या जागेतला आखून घेतलेला एक भाग. पुलाला आणि बाजारातल्या दुकानांना आपण गाळा म्हणतो, तो ह्या खणाचा भाऊच. सीमेपलीकडे कानडीत ह्यालाच अंकण म्हणतात. ‘विहीर खण’ मधला खण तेवढा वेगळा, ते काम झालं, ही जागा आहे.

आता कापडाचा खण. एक चोळी होईल एवढा कापडाचा तुकडा म्हणजे खण. म्हणजे इथेही मापच आहे! नऊवारी पातळावर घालायच्या चोळीसाठी खास अरुंद पन्ह्याचं कापड विणलं जायचं, अंगभर बारीक बुट्टी आणि दोन्ही कडांना काठ. तो काठ बाहीवर बरोबर येतो. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे गाव ह्या खणांसाठी प्रसिद्ध आहे. इरकली लुगडं आणि गुळेदगुड्डचा खण ही आपल्याकडे, विशेषतः कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे, जोडीनेच यायची. हल्ली शहरात ह्याच कापडाची अख्खी साडी करतात, पर्स करतात, कंदीलसुद्धा करतात. दिसतात छान. पूर्वी खण म्हटला की तुकडाच, आता खणाची साडी म्हणायला जीभ वळली आहे.

हा खण न शिवता, त्रिकोणी घडी घालून, तांदूळ किंवा गहू, नारळ, हळकुंड, सुपारीबरोबर ओटीत जातो. देवीची ओटी खणानारळाने भरतात, तशीच माहेरवाशिणीची. आणि गंमत बघा, ओटी हा शब्दसुद्धा घराचाच आहे. कोकणात घराच्या पुढच्या उंच बैठकीला ओटी म्हणतात. पाहुणा आला की ओटीवर बसतो. देशावर तिथे सोपा असतो, कुठे ओसरी. तीच ओटी बाईच्या अंगावर आली की पदराची खोळ होते, पोटाखालचा भाग होतो. मूल ओटीत घातलं म्हणजे ते सांभाळायला दिलं. मला वाटतं, बाईचं अंग आणि बाईचं घर यांना आपल्या भाषेने एकाच मापाने मोजलंय.

पण ओटीत खण आणि सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर नाव, ह्या दोन गोष्टी आपल्याकडे सहसा एकत्र येत नाहीत. आजच्या बोलण्यातला खरा मुद्दा हा आहे.

तुम्ही पाहिलं असेल. वडील जातात. वर्षभराने भाऊ बहिणींना बोलावतो. जेवण पुरणपोळीचं असतं, भावजय पाय धुवायला पाणी देते, जेवण झाल्यावर ओटी भरतात, साडीचोळी देतात. सगळं मनापासून असतं, मी त्याला नाव ठेवत नाही. मग संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी म्हणतात, ताई, तालुक्याला जाऊन एक सही करायची आहे. तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. एक खण ओटीत आला आणि घराचे खण सुटले.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खण घेतल्याने हक्क सुटत नाही. साडी घेतली, जेवण जेवलं, तरी सुटत नाही. लग्नात खर्च केला, हुंडा दिला म्हणूनही सुटत नाही. घर, जमीन ही स्थावर मालमत्ता आहे आणि तिच्यावरचा हक्क सोडायचा कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. हक्क सुटतो तो सहीने. म्हणून ओटी आनंदाने भरून घ्या, आणि सहीचा कागद वेगळ्या दिवशी, वाचून, कुणाला तरी विश्वासातल्या माणसाला दाखवून मग हातात घ्या. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी ठेवू नका म्हणावं.

आता सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं, ते कळण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, वडिलांनी स्वतःच्या कमाईने सहा खणांचं घर बांधलं. मृत्यूपत्र केलं नाही आणि ते वारले. मागे आई, दोन मुलगे, तीन मुली. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हे सहाही जण पहिल्या वर्गाचे वारस आणि सगळ्यांचा हिस्सा सारखा. सहा खण, सहा वारस. आईचा एक, मुलग्यांचे दोन, मुलींचे तीन. आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात असेल तर सातवा वाटा तिचा. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती बहिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत, त्यांतही मुलीला हिस्सा आहे, पण मोजणीची रीत निराळी.

घर वडिलोपार्जित असेल तर? तिथेही आता मुलगी जन्मापासून मुलाच्या बरोबरीने हिस्सेदार आहे. महाराष्ट्राने हे १९९४ सालीच केलं होतं, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या देशात हा बदल लागू झाला आणि लग्न झालेल्या मुलीही आत आल्या. तरी वाद चाललाच होता, की त्या तारखेला वडील जिवंत असायला हवे होते का. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितलं, गरज नाही. हक्क जन्माने आहे. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर, नोंदणी करून झालेली वाटणी आता उकरून काढता येत नाही. ‘खूप वर्षं झाली, आता काय’ असं कुणी म्हणालं तर वाटणी कधी झाली आणि नोंदली होती का, हे दोन प्रश्न विचारायचे.

राहत्या घराबद्दल तर कायदा पूर्वी फारच विचित्र होता. १९५६ च्या कायद्यात २३ वं कलम होतं. त्यात मुलीला राहत्या घरात हिस्सा मिळे, पण घरात पुरुष वारस राहत असतील तर ते स्वतः वाटणी करेपर्यंत तिला वाटणी मागता येत नसे. राहायचा हक्क होता, तोही मुलगी अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तर. म्हणजे हिस्सा तुझा, पण खण मागायचा नाही! हे कलम २००५ च्या दुरुस्तीत काढून टाकलं. तुमच्या आई-आजीच्या वेळी कुणी वकिलाने ‘घरातलं मुलींना मागता येत नाही’ असं सांगितलं असेल तर तो तेव्हाचं खरं सांगत होता. आज तेच कुणी सांगेल तर ते जुनं झालेलं आहे.

आता मी ज्यांच्यासाठी बोलते आहे त्यांच्यातली जवळजवळ प्रत्येक जण कुणाची तरी नणंद आहे आणि कुणाची तरी भावजय. माहेरी तिला खण हवा असतो आणि सासरी नणंदेने खण मागू नये असं वाटत असतं. हे दोन्ही एकाच मनात असतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सहा खणांच्या घरात दोन भावांचे संसार आधीच दाटीने असतात. तीन बहिणी खरोखर खण मागायला आल्या तर चुली कुठे मांडायच्या? म्हणून हिस्सा म्हणजे भिंत घालणंच असं नाही. एखादी बहीण पैशात घेईल. एखादी म्हणेल, मला काही नको, पण माझं नाव राहू दे, उद्या माझ्यावर वेळ आली तर येऊन टेकायला जागा असू दे. एखादी भावावरच्या मायेने सोडेलही, तो तिचा अधिकार आहे. फक्त आपल्या खणाची किंमत काय होते हे तिला ठाऊक असावं, आणि मग तिने सोडावं. न कळता जे जातं त्याला सोडणं म्हणत नाहीत.

विधवा बहिणींबद्दल एक बोलायचं आहे. नवरा गेला की कित्येक ठिकाणी बाईची ओटी भरणं थांबतं. खण तिच्या हातात कुणी देत नाही. आणि कायद्याने त्याच दिवशी ती नवऱ्याच्या घराची वारस झालेली असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि नंतर राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. कुंकू आणि बांगड्यांवर त्यामुळे बरंच बोलणं झालं, चांगलंच झालं. त्याच बैठकीत वारस नोंदीचंही विचारून घ्या. नवऱ्याच्या नावावरचं घर नुसतं दिराच्या नावावर चढलं असेल, तर ते कळेपर्यंत वर्षं निघून जातात.

ज्या घरात तुम्ही नांदता तिथे तुमचं नाव नसेल तरी, आणि घर सासऱ्यांचं असेल तरी, छळ करून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सामायिक घरात राहायचा हक्क दिला आहे. तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. हे दोन्ही वेगळे.

मग नाव बघायचं कुठे? गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत असते, त्याला आपण नमुना ८ म्हणतो. त्यात मिळकतीचा क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटा करणाऱ्याचं नाव, घर कशाचं आहे, क्षेत्रफळ आणि पट्टी अशी माहिती असते. घरपट्टीची पावती घेऊन जा आणि उतारा मागा. घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी असा शासनाचा निर्णय २००३ सालापासून आहे. तरी कितीतरी उताऱ्यांवर अजून एकच नाव दिसतं, कारण कुणी अर्जच दिलेला नसतो. घरकुल योजनेतलं घर असेल तर ते बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करायचा नियम आहे. तिथे खण वगैरे नाही, कमीत कमी २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसह, असं स्वच्छ माप आहे. म्हणजे साधारण २६९ चौरस फूट.

नमुना ८ हा मुळात कराचा कागद आहे. मालकीचा वाद कोर्टात गेला तर तेवढ्यावर भागत नाही. म्हणून ज्या गावात ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली आहे तिथे सनद मिळते का ते विचारा. ही स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. मोजणीवाले येतील त्या दिवशी घरात पुरुष नसतील तर ‘ते आले की या’ असं म्हणू नका. हद्द तुम्हीही दाखवू शकता. जुनं वाटणीपत्र काढून ठेवा, त्यात नुसते खण लिहिले असतील तर आधीच खांब ते खांब लांबी-रुंदी मोजून कागदावर मांडा, चारी बाजूंना कोण आहे ते लिहा, आणि दोन्ही घरच्या माणसांच्या सह्या घ्या.

वकिलाच्या पैशाची काळजी वाटत असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे बाईला मोफत सल्ला आणि वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. जाताना नमुना ८, वाटणीपत्राची नक्कल आणि वडिलांचा किंवा नवऱ्याचा मृत्यूचा दाखला बरोबर न्या.

त्या ताईंनी मग टेप लावली. खांबामध्ये सात फूट निघाले, आणि घर आत दोन खण खोल होतं. तीन खण म्हणजे लांबीचे तीन की तीन चौकोन, हे ठरवायला आता त्यांचे दीर आणि त्या समोरासमोर बसणार आहेत. पहिल्या मोजणीने २९४ चौरस फूट होतात, दुसरीने १४७. पडवी वेगळी.

तुमच्याकडे खणाला दुसरा कुठला शब्द असेल, किंवा मोजायची रीत वेगळी असेल, तर गटाच्या वहीत लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.